ओहोटीचं वेळापत्रक

मोरकॅम्बमधल्या मागच्या खोलीत,
जिथे आधीच्या भाडेकरूंचं बाळ झोपायचं
आणि भिंतीवर अजून तीन बदकं आहेत,
तिथे बसून मी पुरात बुडालेल्या घरांचे
पैसे ठरवते.
टेबल माझं. खुर्ची माझी,
तिचे ऐंशी पौंड कंपनीने दिले, पावती मागून.

डाव्या हाताला दावे.
उजव्या हाताला गळ आणि आमिष विकणाऱ्या दुकानातून
आणलेली पुस्तिका: भरती किती वाजता,
ओहोटी किती वाजता, किती मीटर.
आज ओहोटी चार वीस.

चारला मी लॅपटॉप उघडाच ठेवते,
जिना उतरते, बूट घालते,
आणि दगडी धक्क्याच्या टोकाशी पोचेपर्यंत
माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका
पिवळा झालेला असतो.

पहिले सहा महिने त्या ठिपक्याची काळजी
तान्ह्या मुलासारखी घेतली.
संडासात जाताना फोन बरोबर.
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला धावत येऊन
एक कळ दाबायची, उगाच.
ब्लॅकबर्नचा इद्रिस म्हणाला, त्याने माऊस
टेबलफॅनच्या मानेला दोऱ्याने बांधलाय;
पंखा डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो,
तोवर इद्रिस मुलीला पोहायला नेऊन आणतो.
खूप हसलो.
मग दोघंही गप्प,
कारण हे बोलणं कोण ऐकतंय
ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ऑफिसात निदान मुकादमाला चेहरा होता.
फिलिपा. किल्ल्यांचा जुडगा वाजला
की पाठ आपोआप ताठ व्हायची,
आणि पाचला तो जुडगा तिच्याबरोबर घरी जायचा.
इथे मुकादम मीच.
रात्री साडेदहाला मीच मला हाक मारते,
"एवढा एक उरक, मग झोप."
मीच खाली मान घालून म्हणते, "बरं."
हिच्याकडे रजा मागायची
ती कुठल्या तोंडाने?

तरी सांगते.
मागच्या मंगळवारी ॲपलबीहून मिसेस थ्वेट,
वय एक्याऐंशी. गालिचा, फ्रीज, दोन खुर्च्या.
एका फोनला नऊ मिनिटं, असा नियम.
आठव्या मिनिटाला तिने विचारलं,
पियानो मोजतात का, कुणी वाजवत नसला तरी?
नवरा गेल्यापासून बंदच होता.
आता सुकताना रात्री एकेक तार तुटते
आणि झोपेत वाटतं, तो खाली बसलाय.

मी घड्याळ पालथं ठेवलं.
सत्तेचाळीस मिनिटं.
'इतर फर्निचर' असा रकाना होता, सोयीचा.
तो सोडून मी 'वाद्य' असं लिहिलं,
वर्ष लिहिलं, लाकूड कुठलं ते लिहिलं.
कुणाला विचारलं नाही.
त्या दिवशी माझा आकडा लाल झाला
आणि मला कडकडून भूक लागली,
शाळेतून घरी आल्यावर लागायची तशी.
अकरा वर्षं पाट्या टाकल्यात मी,
म्हणून ओळखू आलं: हे काम होतं.

काल मेल आली.
सप्टेंबरपासून मंगळवार, गुरुवार
सगळ्यांनी प्रेस्टनला.
इद्रिसने उत्तरादाखल
बंद पंख्याचा फोटो पाठवला.

प्रेस्टन वाईट नाही, खोटं कशाला बोलू.
तिथे कुणीतरी विचारतं, "केस कापलेस?"
बदकं विचारत नाहीत.
पण रात्री पुस्तिकेत सप्टेंबर काढला
आणि पेन्सिलने मंगळवार-गुरुवार खोडत गेले,
तेव्हा हात जड झाला.

धक्क्याखाली पाटी आहे: वाळू रुतवते, जपून.
पाणी मैलभर मागे गेलंय.
जागेवर नव्हतास, असं त्याला
कुणी म्हणत नाही.

खिशात फोन थरथरतो. फिलिपा:
"आहेस का?"
लिहिते, "आहे."
बोट थोडं थांबतं.
"समुद्रावर."
पाठवते.

तिच्या बाजूला तीन ठिपके
हलतात, थांबतात,
पुन्हा हलतात.